तिसरी खिट्टी

नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये, असा नियम कुठल्याही शास्त्रात लिहिलेला नाही. असायला हवा होता. ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहायला आलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात दोन रविवार मी एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नवऱ्याकडून धडे घेतले. दुसऱ्या रविवारी तो म्हणाला, "अगं, ब्रेक दाबतेयस की मुंगी मारतेयस?" मी गाडी बंद केली, किल्ली त्याच्या मांडीवर ठेवली आणि चालत घरी आले. तीन मैल. कोल्हापूरची असल्यामुळे मला चालायची सवय होती आणि रागवायचीही.

घरापाशी पोचले तेव्हा शेजारचे गृहस्थ अंगणात गवत कापत होते. साठी ओलांडलेले, ताडमाड उंच, एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. विमानांच्या एका कारखान्यातून ते नुकतेच रिटायर झाले होते. त्यांच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत आणि चकचकीत होती. जुनं भाजलेलं असावं, एवढंच मला कळलं होतं. विचारलं कधी नव्हतं.

"नवरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पार्किंगमध्ये."

"आणि गाडी?"

"तीपण तिथेच."

ते इतके हसले की गवत कापायचं यंत्र बंद करावं लागलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी नऊला ये. माझ्या गाडीवर शिक. मी कुणावर ओरडत नाही."

आमची चार वर्षांची मुलगी त्यांना 'काका' म्हणायची, कारण प्रत्येक मोठा माणूस काका असतो असं मीच तिला शिकवलं होतं. त्यांना तो शब्द भारी आवडला. ही काहीतरी पदवी आहे असा त्यांचा समज झाला. मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही त्यांना घेऊन गेलो, तर तिथे सगळ्यांशी हात मिळवत "मी यांचा काका" असं सांगत फिरले आणि मोदक सात खाल्ले.

काकांची गाडी म्हणजे एक जुनी स्टेशन वॅगन, आमच्या माहेरच्या स्वयंपाकघराएवढी लांब. त्यांची शिकवण्याची पद्धतही वेगळी होती. गाडी सुरू करण्याआधी ते एकेक गोष्ट मोठ्याने विचारायचे आणि मी मोठ्याने उत्तर द्यायचं. सीट? ठीक. पट्टा? लावला. हँडब्रेक? काढला. मागचा आरसा? बघितला. सत्यनारायणाला भटजी मंत्र म्हणतात आणि मध्येच 'मम म्हणा' सांगतात, की आपण 'मम' म्हणतो, तसं सगळं चालायचं. महिन्याभरात मी इतकी सराईत झाले की ते विचारायच्या आधीच माझं 'मम' तयार असायचं.

आणि तिथेच घोळ झाला. मुलीला उन्हाळ्यातल्या बालवाडीत सोडून आम्ही परत निघालो होतो. रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती. काका म्हणाले, "मागचा आरसा?" मी म्हटलं, "बघितला," आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"थांब!"

ज्यांनी कधीच ओरडायचं नाही असं ठरवलं होतं ते काका असे ओरडले की माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एक सायकलवाला आमच्या दाराला जवळजवळ घासून गेला. त्याने पुढे जाऊन मागे वळून जे म्हटलं, ते माझ्या इंग्रजी एमएच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी सॉरी सॉरी म्हणत बसले. काकांकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी बाजूला घे," ते हळू म्हणाले. "तू आरसा बघितला नव्हतास."

"नाही."

"पण बघितला म्हणालीस."

"सवयीने म्हटलं, काका."

"माहितेय," ते म्हणाले. "मीही सवयीनेच म्हटलं होतं."

मग बालवाडीच्या कोपऱ्यावर, गाडीच्या काचा वर करून, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. काका तेव्हा सव्वीस वर्षांचे, कॅलिफोर्नियातल्या वाळवंटातल्या एका लष्करी तळावर होते. तिथे नवीन विमानांची चाचणी व्हायची. त्यांचं विमान दोन माणसांचं होतं. पुढे वैमानिक आणि त्याच्या मागे काका. काकांचं काम नोंदी घेण्याचं: वेग किती, उंची किती, कुठली सुई कुठे गेली. वैमानिक त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, युद्धात नाव कमावलेला. तिसरा माणूस जमिनीवरचा, मेकॅनिक. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीच्या झडपा, ज्यांनी विमानाचं नाक वळतं आणि वर-खाली होतं, त्या आपटू नयेत म्हणून त्यांना लोखंडी खिट्ट्या लावून ठेवायचे. एकूण तीन खिट्ट्या. उड्डाणाआधी मेकॅनिकने त्या काढायच्या, कॅनव्हासच्या पिशवीत टाकायच्या आणि पिशवी वर काकांच्या हातात द्यायची. काकांनी त्या मोजायच्या आणि वैमानिकाला ओरडून सांगायचं, "तिन्ही काढल्या!" ही पद्धत कुठल्या नियमावलीत नव्हती. त्या तिघांनीच आपसात ठरवली होती.

"त्या दिवशी पिशवी आली," काका म्हणाले. "माझा एक कॅमेरा अडकत होता, मी तो दुरुस्त करत होतो. पिशवी पायाशी ठेवली. पुढून आवाज आला, खिट्ट्या? मी म्हटलं, तिन्ही काढल्या. पिशवीत दोनच होत्या."

विमान धावायला लागलं. वेग आला. वैमानिकाने नाक वर उचलायला दांडा ओढला, तर तो सिमेंटमध्ये रोवल्यासारखा घट्ट. पुन्हा ओढला. धावपट्टी संपत आली होती. त्याने इंजिनं बंद केली, ब्रेक मारले, एक टायर फुटला. विमान धावपट्टी सोडून मातीत गेलं, चाकं मोडली, ते पोटावर घसरत गिरकी घेऊन थांबलं आणि पेटलं.

"पुढचं मला आठवत नाही. मी बेशुद्ध होतो. वैमानिकाचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. त्या मोडक्या पायाने तो मागे आला आणि त्याने मला ओढून बाहेर काढलं."

"आणि मेकॅनिक?"

"शेपटी जळली नव्हती. तिसरी खिट्टी तिथेच सापडली. खूण म्हणून तिला बांधलेलं लाल फडकं फाटलेलं होतं, म्हणून ती खालून दिसली नसणार. चौकशीवाला अधिकारी हॉस्पिटलमध्ये आला. त्याने मला एकच विचारलं, खिट्ट्या काढायचं काम कुणाचं? मी सांगितलं, मेकॅनिकचं. खोटं काहीच बोललो नाही. मोजायचं काम कुणाचं, हे त्याने विचारलं नाही."

मेकॅनिकच्या बाहीवरच्या हुद्द्याच्या पट्ट्या उतरवल्या गेल्या, त्याला सामानाच्या कोठारात कामाला टाकलं. वर्षभरात त्याने नोकरी सोडली. वैमानिकाचा पाय कायमचा अधू झाला, तो पुन्हा कधी उडाला नाही. सासऱ्याच्या बागा होत्या, तिकडे निघून गेला. आणि काका दोन महिन्यांत बरे होऊन पुन्हा कामावर हजर.

"वैमानिक आहेत का अजून?"

"आहे. घाटापलीकडे, यकिमाला. दर ख्रिसमसला कार्ड येतं. सफरचंदं कशी आली, पेअर्स कसे आले."

"म्हणजे अडीच तासांवर! आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"तीनदा निघालो होतो," काका म्हणाले. "तिन्ही वेळा घाटमाथ्यापर्यंत गेलो, कॉफी प्यायलो आणि परत फिरलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी मी चालवली की मी परत फिरतो. तुझं लायसन्स आलं की तू चालव."

लायसन्स सप्टेंबरात आलं. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी माझं पार्किंग बघून नुसताच सुस्कारा सोडला, पण पास केलं. घरी बेत सांगितला तर नवरा म्हणाला, "तू? फ्रीवेवर? घाटातून? कॅन्सल कर. मी ड्राइव्ह करतो."

"तुला नाही बोलावलेलं," मी म्हटलं. "तू हिला सांभाळ."

मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "आई इज ड्रायव्हिंग! आई इज ड्रायव्हिंग!" नवऱ्याने हात टेकले. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. बरोबर मी दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी घेतली होती, कारण कोल्हापूरच्या माणसाला घाट म्हटला की डबा आठवतो.

स्नोक्वाल्मीचा घाट काही फार अवघड नाही हे आता मला माहीत आहे. त्या दिवशी मात्र प्रत्येक ट्रक माझ्यासाठीच कारखान्यातून निघाल्यासारखा वाटत होता. मी स्टीअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं की बोटं नंतर सोडवावी लागली. काका शेजारी ताठ बसलेले. घाटमाथ्यावर कॉफीच्या दुकानाची पाटी दिसली आणि ते म्हणाले, "जरा थांबायचं का?"

"नाही," मी म्हटलं.

"दोन मिनिटं."

"काका, मला लेन बदलता येत नाहीये. आता हा रस्ता नेईल तिथे जायचं."

हे अगदी खरं होतं. ते हसले आणि सीटला टेकले. घाट उतरला तशी देवदाराची हिरवी गर्दी मागे पडली आणि उघडे, पिवळे डोंगर सुरू झाले. आमच्या देशावरचे डोंगर दिवाळीनंतर दिसतात तसे. मला एकदम बरं वाटलं.

वैमानिकांच्या बागेत पेअर्सची तोडणी चालू होती. ते स्वतः काठी टेकत फाटकापर्यंत आले. गोलमटोल, टकलू, कमालीचा हसरा माणूस. युद्धात नाव कमावलेला वैमानिक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे जे चित्र होतं, त्याच्याशी त्यांचं काडीचं साम्य नव्हतं. त्यांनी काकांना मिठी मारली. त्यांच्या बायकोने मला आत नेलं. चार वर्षांपूर्वी पलीकडचा ज्वालामुखी फुटला तेव्हाची राख अजून माळ्यावरून गळते, असं सांगत त्यांनी टेबल पुसलं, आणि आम्ही चौघं जेवायला बसलो. माझ्या दशम्या त्यांनी लोणी लावून खाल्ल्या.

काका ताटातला घास काट्याने नुसता इकडे-तिकडे सारत होते. शेवटी त्यांनी काटा खाली ठेवला आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "मी मोजल्या नव्हत्या."

वैमानिकांनी वर बघितलं. "काय?"

"खिट्ट्या. पिशवी उघडलीच नाही मी. तिन्ही काढल्या म्हणालो, पण मोजल्या नव्हत्या. तुझा पाय माझ्यामुळे गेला."

मला वाटलं आता वैमानिक उठून जातील, नाहीतर रडतील. त्यांनी तोंडातला घास नीट चावून गिळला.

"गाढवा," ते म्हणाले, "मला माहीत होतं. तुला ओढून काढायला मागे आलो तेव्हा पिशवी तुझ्या पायाशी बांधलेलीच दिसली होती. गाठसुद्धा सुटली नव्हती."

"मग तू चौकशीत का नाही बोललास?"

"कारण दांडा पुढे-मागे हलवून बघायचं काम माझं होतं. धावपट्टीवर जाण्याआधी प्रत्येक वैमानिक ते करतो. मी फक्त डावीकडे-उजवीकडे हलवला. घाई होती, ऊन चढत होतं. एकदा जरी मागे ओढला असता तरी खिट्टी कळली असती. तुझं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न मला आला असता."

दोघं एकमेकांकडे बघत बसले. छत्तीस-सदतीस वर्षं एकमेकांना सफरचंदांच्या बातम्या कळवणारे हे दोन म्हातारे. काकांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य होतं, मग सुटल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते हसायला लागले. वैमानिकही हसू लागले. मीही हसले, कारण मघापासून श्वास कोंडला होता.

फक्त वैमानिकांच्या पत्नी हसल्या नाहीत.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "एकमेकांना माफ करून झालं असेल, तर त्या तिसऱ्याचं काय?"

हसू तिथेच विरलं.

"तो कुठे आहे कुणास ठाऊक," वैमानिक पुटपुटले.

"ओहायोत आहे. हॉस्पिटलमध्ये तो तुम्हाला भेटायला आला होता, तुम्ही झोपल्याचं सोंग घेतलंत. मी त्याच्याशी बोलत बसले होते. तेव्हापासून दर वर्षी मी त्याला पेअर्सची पेटी पाठवते. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

असं म्हणून त्या उठल्या, भिंतीवरचा फोन काढला आणि नंबर फिरवला. नंबर त्यांना पाठ होता. दोन वाक्यं बोलून त्यांनी रिसीव्हर नवऱ्यापुढे धरला. वैमानिकांनी तो काकांकडे ढकलला. काकांनी तो दोन्ही हातांत धरला, मी घाटात स्टीअरिंग धरलं होतं तसा. त्यांनी सगळं सांगितलं: पिशवी, कॅमेरा, हॉस्पिटलमधलं अर्धं उत्तर. मग वैमानिकांनी आपलं सांगितलं. पलीकडून जे उत्तर आलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, इतका त्या माणसाचा आवाज खणखणीत होता.

"मी ती खिट्टी विसरलो हे खरंच आहे. मी ते त्याच दिवशी कबूल केलं. पण विसरणारा मी एकटाच नव्हतो, हे सांगायला तुम्हाला इतकी वर्षं लागली?"

आणि फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर पेअर्सच्या दोन पेट्या होत्या आणि सगळी गाडी त्यांच्या वासाने भरून गेली होती. वाटेतल्या एलेन्सबर्ग गावापाशी काका म्हणाले, "त्याचं बरोबर आहे." मी म्हटलं, "हो." खोटा धीर द्यायला मला तेव्हाही जमत नव्हतं.

आठवड्याभराने मेकॅनिकचं पत्र आलं. तीनच ओळी. तुम्ही फोनवर बोललात ते कागदावर लिहा आणि ज्यांनी माझ्या पट्ट्या उतरवल्या त्यांना पाठवा, एवढीच मागणी होती. काका कागद घेऊन आमच्याकडे आले. माझं टाइपिंग चांगलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन संध्याकाळी बसून आम्ही ते पत्र तयार केलं. काका आधी फार गोलगोल लिहीत होते. 'कदाचित माझ्याकडून मोजणीत काही उणीव राहिली असण्याची शक्यता' वगैरे. मी टाइप करायचं थांबवून म्हटलं, "काका, उणीव कसली? तुम्ही मोजल्या नव्हत्या." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "लिही. मी मोजल्या नव्हत्या." वैमानिकांनी खाली आपला परिच्छेद जोडला, सह्या झाल्या, पत्र गेलं.

सरकारी उत्तर यायला पाच महिने लागले. आपलं निवेदन मूळ चौकशीच्या कागदपत्रांना जोडण्यात आलं आहे, असं त्यात होतं. दिलगिरी नाही, की पट्ट्या परत केल्याचंही नाही. मला ते अगदीच कोरडं वाटलं. काकांनी त्याची एक प्रत ओहायोला पाठवली आणि आता आपलं काम संपलं म्हणून गप्प बसले.

पुढच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी दुपारी दारावर टकटक झाली. उघडलं तर एक बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ बायकोसह उभे. शेजारी बेल वाजवली तर कुणी नाही, म्हणून इकडे आलो, असं म्हणाले. आवाजावरून मी लगेच ओळखलं. काका ग्रंथालयात गेले होते. मी त्यांना बसवलं, चहा दिला. चहात आलं आहे हे कळल्यावर त्यांनी तो दोनदा मागून घेतला. ते कोरडं सरकारी उत्तर त्यांनी आपल्या मुलीला वाचून दाखवलं होतं. "तिच्या लहानपणापासून तिच्या मनात होतं की बापाने एक विमान पाडलं," ते म्हणाले. "आता तिला कळलं की आम्ही तिघांनी मिळून पाडलं. पुष्कळ फरक पडतो."

काका आले. खोलीत ते मेकॅनिक दिसले तसे दारातच थबकले. हात पुढे करावा की नाही, हे त्यांना कळेना. मेकॅनिकनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हातारा झालास," ते म्हणाले.

"तूही."

एवढंच. मग तेच उठून काकांना खुर्चीकडे घेऊन आले.

ते नवराबायको काकांकडे चार दिवस राहिले. रविवारी वैमानिक आणि त्यांची बायको यकिमाहून आले. मी मसालेभात, कढी आणि भरली वांगी केली. दुपारी माझ्या नवऱ्याने सहज सांगितलं की आमचं गवत कापायचं यंत्र महिनाभर बंद पडलंय. झालं. तिघं म्हातारे अंगणात गेले. मेकॅनिकनी यंत्र उलटं केलं, काकांनी भाग पुसून वर्तमानपत्रावर मांडले आणि वैमानिक खुर्चीवर बसून चुकीचे सल्ले देत राहिले. दोन तासांनी त्यांनी दोरी ओढली, धुराचा लोट निघाला आणि ते यंत्र असं गरजलं की समोरच्या घरातले लोक खिडकीशी आले. माझी मुलगी कानांवर हात ठेवून नाचत होती. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "बास का! आता उद्यापासून गवत मलाच कापावं लागणार."